सैनिकाला माफी कोण देतं?

मंडळी, आजचा विषय ऐकून काहींच्या मनात आलं असेल, की अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने आपल्या कुठल्या सैनिकाला माफ केलं याच्याशी बीडमध्ये बसलेल्या माणसाला काय करायचंय? शंका रास्त आहे. पण आपण बसलोय तो जिल्हा सप्टेंबर १९४८ मध्ये लष्करी कारवाईतून भारतात आला. त्या दिवसांचा एक सरकारी अहवाल आहे आणि त्यात या जिल्ह्याचं नाव आहे. म्हणून आपण अमेरिकेतून निघू, दिल्लीत थांबू, मुंबईत डोकावू आणि मग गावाकडे येऊ. रस्ता लांबचा आहे, पण गाव सोडून जायचं नाही.

आधी अमेरिका. २०१२ मध्ये अफगाणिस्तानातल्या कंदाहार प्रांतात क्लिंट लॉरन्स नावाच्या लेफ्टनंटने मोटरसायकलवरच्या तीन माणसांवर गोळ्या झाडण्याचा हुकूम दिला. दोघे मेले. पुढच्या वर्षी कोर्ट मार्शलने त्याला दोषी ठरवलं आणि २० वर्षांची शिक्षा दिली, ती नंतर १९ वर्षांवर आली. इथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की त्याच्याविरुद्ध साक्ष त्याच्याच तुकडीतल्या सैनिकांनी दिली. खटला अफगाण सरकारने उभा केला नव्हता, कुठल्या मानवाधिकारवाल्यांनीही नाही. हाताखालच्या पोरांनी सांगितलं, की साहेबांचा हुकूम चुकीचा होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी लॉरन्सला पूर्ण माफी दिली. त्याच दिवशी मॅथ्यू गोलस्टेन या अधिकाऱ्यालाही माफी मिळाली. त्याच्यावर खुनाचा आरोप होता, पण खटला उभाच राहायचा होता. पुढच्या वर्षी, डिसेंबर २०२० मध्ये, ब्लॅकवॉटर या खासगी कंपनीच्या चार सशस्त्र रक्षकांना माफी मिळाली. २००७ साली बगदादच्या निसूर चौकात नागरिकांवर झालेल्या गोळीबारासाठी त्यांना अमेरिकेच्याच न्यायालयाने दोषी धरलं होतं.

हे ट्रम्पपासून सुरू झालं असंही नाही. व्हिएतनाममधल्या माय लाय गावात मार्च १९६८ मध्ये शेकडो गावकरी मारले गेले. शिक्षा एकट्याला झाली, लेफ्टनंट विल्यम कॅलीला. २२ खुनांबद्दल जन्मठेप. निक्सन यांनी त्याला माफी दिली नाही, फक्त तुरुंगातून काढून त्याच्याच घरात नजरकैदेत ठेवायला सांगितलं. मग वरच्या अधिकाऱ्यांनी शिक्षा २० वर्षांवर आणली, नंतर १० वर्षांवर, आणि १९७४ मध्ये तो सुटला. माफीच्या कागदावर सही न करताही माणूस सोडता येतो, हे त्या प्रकरणाने दाखवलं. ही गोष्ट आपल्याला पुढे लागणार आहे.

आता आपल्याकडे या. राज्यघटनेचा अनुच्छेद ७२ राष्ट्रपतींना दयेचा अधिकार देतो. फाशीच्या कैद्याचा दयेचा अर्ज आपण बातम्यांत वाचतो, तो याच अनुच्छेदाखाली. पण या अनुच्छेदात तीन प्रकारची प्रकरणं सांगितली आहेत आणि त्यातलं पहिलंच, फाशीच्याही आधीचं, आहे कोर्ट मार्शलने दिलेली शिक्षा. म्हणजे घटना लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर शिक्षा झालेला सैनिक होता. राज्यपालांना अनुच्छेद १६१ खाली असाच अधिकार आहे, पण कोर्ट मार्शलला त्यांचा हात पोचत नाही. सैनिकाला लष्करी न्यायालयाने शिक्षा दिली असेल तर दार एकच, राष्ट्रपतींचं. आणि राष्ट्रपती हे मनाने करत नाहीत, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने करतात. मारू राम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे १९८० मध्येच स्पष्ट केलं. त्यामुळे ‘राष्ट्रपतींनी माफ केलं’ असं आपण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ सरकारने माफ केलं असा घ्यायचा.

एक शब्द नीट बघा. अनुच्छेद ७२ म्हणतो, ‘दोषी ठरलेली व्यक्ती’. आरोपी नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष खटल्याआधीही माफी देऊ शकतो, गोलस्टेनला दिली तशी. भारताच्या राष्ट्रपतींना तसं करता येत नाही. आधी आरोप, मग खटला, मग दोषसिद्धी, आणि मग दया. दयेच्या कागदावर नाव यायचं तर आधी गुन्ह्याच्या कागदावर यावं लागतं. आम्हाला वाटतं आजच्या सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. कारण मग विचारावं लागतं, की आपल्याकडे गुन्ह्याच्या कागदावर सैनिकाचं नाव येतं किती वेळा?

त्या कागदापर्यंतची वाट बघू. अफस्पा, म्हणजे सशस्त्र दलांचा विशेषाधिकार कायदा, जिथे लागू आहे तिथे सैनिकावर खटला चालवायचा तर केंद्र सरकारची आधी मंजुरी लागते. पोलिसांनी तपास केला, पुरावा जमवला, आरोपपत्र तयार केलं, तरी मंजुरीशिवाय न्यायालय पुढे जाऊ शकत नाही. जानेवारी २०१८ मध्ये संरक्षण राज्यमंत्री सुभाष भामरे, आपल्या धुळ्याचे, यांनी राज्यसभेत माहिती दिली, की २००१ पासून जम्मू-काश्मीरमधून मंजुरीसाठी ५० प्रकरणं आली. त्यातल्या ४७ मध्ये मंजुरी नाकारली आणि ३ विचाराधीन होती. त्यातल्या किती तक्रारी खऱ्या, किती खोट्या, हे आपण इथे बसून ठरवू शकत नाही. पण ते ठरवायची जागा न्यायालय असते, आणि प्रकरण तिथवर पोचलंच नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये नागालँडच्या मोन जिल्ह्यात ओटिंग गावाजवळ काय झालं ते आठवा. कोळशाच्या खाणीत काम करणारे मजूर आठवड्याचं काम संपवून पिकअपमधून घरी निघाले होते. लष्कराच्या तुकडीने अतिरेकी समजून गोळ्या घातल्या, सहा मजूर मेले. नंतरच्या उद्रेकात आणखी माणसं गेली. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी कुटुंबं ट्रक-ट्रॅक्टरमधून रात्री-बेरात्री प्रवास करतात, त्यामुळे पिकअपमध्ये दाटीवाटीने बसून घरी जाणं म्हणजे काय हे इथे समजावून सांगायला नको. राज्याच्या विशेष पथकाने लष्कराच्या ३० जणांवर आरोपपत्र ठेवलं. केंद्राने मंजुरी नाकारली. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कार्यवाही बंद केली; लष्कराला हवं तर शिस्तभंगाची कारवाई करता येईल, असं म्हटलं.

मंजुरीचा फाटक ओलांडला तरी दुसरं वळण आहे. लष्कराला विचारता येतं, की हा माणूस आमच्याकडे द्या, आम्ही कोर्ट मार्शल करू. मार्च २००० मधल्या काश्मीरच्या पथरीबल प्रकरणात पाच जणांना अतिरेकी म्हणून मारलं गेलं. सीबीआयने तपास करून सांगितलं, की ते साधे नागरिक होते, आणि लष्कराच्या पाच जणांवर आरोपपत्र दाखल केलं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लष्कराला निवड करायला सांगितली. लष्कराने प्रकरण आपल्याकडे घेतलं आणि जानेवारी २०१४ मध्ये पुरावा नाही म्हणून बंद केलं. १४ वर्षं.

न्याय देणारी लष्करी न्यायालयंही आहेत, ते सांगितलं नाही तर अन्याय होईल. एप्रिल २०१० मध्ये मच्छिल भागात तीन तरुणांना कामाचं आमिष दाखवून नियंत्रण रेषेजवळ नेलं आणि घुसखोर म्हणून मारलं. कोर्ट मार्शल झालं, जन्मठेपा झाल्या. जुलै २०२० मध्ये शोपियानच्या अमशीपुरा गावात राजौरीचे तीन मजूर मारले गेले. लष्कराने स्वतःच चौकशी केली, एका कॅप्टनला दोषी धरलं आणि जन्मठेपेची शिफारस केली. लष्कराला आपल्या वर्दीची चाड आहे हे त्यातून दिसतं. पण पुढे? दोन्ही प्रकरणं सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे गेली. मच्छिलमधल्या पाच जणांची शिक्षा जुलै २०१७ मध्ये स्थगित होऊन त्यांना जामीन मिळाला, आणि अमशीपुराच्या कॅप्टनला नोव्हेंबर २०२३ मध्ये तसाच. न्यायाधिकरण हे न्यायालयच आहे, पुरावा तपासणं त्याचं काम आहे, तेव्हा याला आपण माफी म्हणणार नाही. पण मारल्या गेलेल्या मुलाच्या आईला हा फरक कसा समजावून सांगायचा, ते आम्हाला जमलेलं नाही.

शिवाय खुद्द लष्करी कायद्यातही दयेच्या खिडक्या आहेत. कोर्ट मार्शलचा निकाल वरिष्ठाने कायम केल्याशिवाय पक्का होत नाही. आणि १९५० च्या लष्कर कायद्याप्रमाणे केंद्र सरकार आणि लष्करप्रमुखही शिक्षा माफ करू शकतात, कमी करू शकतात. घटनेने हा अधिकार मुद्दाम अबाधित ठेवला आहे. म्हणजे कॅलीचं जे झालं, वरच्यांनी शिक्षा छाटत नेली, ते आपल्याकडे कायद्यात बसतं.

आता मुंबईत डोकावू म्हटलं होतं. महाराष्ट्रातली सगळ्यात गाजलेली सैनिकाची माफी म्हणजे नानावटी. नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी एप्रिल १९५९ मध्ये पत्नीच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, गोळ्या घातल्या. हा युद्धातला गुन्हा नव्हता, घरातला होता. ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष म्हटलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि मार्च १९६० मध्ये जन्मठेप झाली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षा स्थगित केली, म्हणजे नानावटींना तुरुंगात न जाता नौदलाच्याच ताब्यात राहता यावं. प्रकरण न्यायालयापुढे असताना राज्यपालांना असं करता येतं का? घटनापीठाने सांगितलं, नाही येत. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. सिनेमे निघाले ते प्रेमकथेवर. आमचं लक्ष वेगळ्या गोष्टीकडे जातं. माफी राष्ट्रपतींनी का नाही दिली? कारण खून भारतीय दंड संहितेखालचा होता, खटला राज्याच्या न्यायालयात चालला होता, कोर्ट मार्शल नव्हतं. आणि दुसरं, वर्दीचं वजन. साध्या कारकुनासाठी राज्यपालांनी त्याच दिवशी स्थगिती दिली असती का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता.

वर्दी आणि लोकमत यांचा जोर त्याआधीही दिसला होता. लाल किल्ल्यातल्या आझाद हिंद फौजेच्या खटल्यात शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन यांना दोषी ठरवलं गेलं, जन्मठेप काळ्या पाण्याची. जानेवारी १९४६ मध्ये सरसेनापती ऑकिनलेक यांनी ती रद्द केली. देश पेटला होता, इंग्रजांना दुसरा मार्ग नव्हता. आपण त्या माफीचा आनंद मानतो, आणि बरोबर मानतो. पण शाहनवाज यांच्यावर राजद्रोहाबरोबरच खुनाला मदत केल्याचाही आरोप सिद्ध धरला होता, हे आपण सहसा सांगत नाही. माफी आपल्या माणसाची असली की आपण आरोपपत्र वाचत नाही. अमेरिकनांनी लॉरन्सचं नाही वाचलं, तर आपण फार हसू नये.

आणि एक, १९७४ चं. बांगलादेश युद्धानंतर भारताच्या ताब्यात सुमारे ९३ हजार पाकिस्तानी युद्धकैदी होते. त्यातल्या १९५ जणांवर बांगलादेश युद्धगुन्ह्यांचे खटले चालवणार होता. एप्रिल १९७४ मध्ये दिल्लीत तिन्ही देशांचा करार झाला आणि बांगलादेशाने दयाबुद्धीने खटले न चालवण्याचं मान्य केलं. १९५ जण मायदेशी गेले. न्यायाधीश नाही, साक्षीदार नाही, थेट क्षमा. युद्धगुन्ह्यांच्या माफीचं उपखंडातलं याहून मोठं उदाहरण नाही, आणि त्यावर सह्या आपल्या राजधानीत झाल्या.

चला, आता गावाकडे. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य निजामाच्या राज्यात शिरलं, १७ तारखेला निजामाने हार मानली. तो दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून झेंडावंदनाने साजरा करतो. साजरा करावाच असा तो दिवस आहे. रझाकारांनी खेड्यापाड्यांत काय केलं ते इथल्या घराघरात सांगितलं जातं, त्याची उजळणी आम्ही इथे करत नाही. पण नावाकडे बघा. सैन्य, रणगाडे, विमानं, सेनापती, आणि नाव काय? ‘पोलीस ॲक्शन’. आपली जुनी माणसं अजून तेच म्हणतात. हा शब्द उगीच आला नाही. निजाम प्रकरण संयुक्त राष्ट्रांकडे घेऊन गेला होता आणि भारताचं म्हणणं होतं, हा आमचा अंतर्गत मामला आहे. युद्ध म्हटलं नाही, की युद्धाचे नियम लागत नाहीत. आणि युद्ध नसेल तर युद्धगुन्हा कसला?

त्या नोव्हेंबरात पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना दिल्लीने हैदराबाद राज्यात पाठवलं. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ ते फिरले. १६ पैकी ९ जिल्हे पाहिले. त्यांनी लिहिलं, की पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर कमीत कमी २७ हजार ते ४० हजार माणसं मारली गेली. बहुतेक सगळे मुसलमान. सगळ्यात जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना. त्या खालच्या चार जिल्ह्यांत, म्हणजे औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक मिळून, किमान ५ हजार. मारणारे मुख्यतः स्थानिक आणि बाहेरून आलेले सशस्त्र जमाव होते. पण काही ठिकाणी लष्कराचे आणि पोलिसांचे लोक लुटीत आणि इतर गुन्ह्यांत सामील होते, याचा खात्रीलायक पुरावा आपल्याकडे आला, असंही त्यांनी लिहिलं. आणि तेवढ्याच प्रामाणिकपणे हेही लिहिलं, की हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजारी वाचवले. हिंदू विणकर मुसलमान विणकरांसाठी उभे राहिले, काही त्यात मेले.

योगायोग बघा. त्याच नोव्हेंबरात तोक्योत जपानी युद्धगुन्हेगारांचा निकाल लागला. त्या पीठावर आपले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल होते आणि सगळ्यांना निर्दोष म्हणणारं वेगळं निकालपत्र त्यांनी लिहिलं. सुंदरलाल यांचा दौरा संपल्यावर दोन दिवसांनी तोजोला फाशी झाली. जग युद्धगुन्ह्यांची व्याख्या करत होतं तेव्हा आपल्या तालुक्यांतून ही तीन माणसं टिपणं काढत फिरत होती.

सरदार पटेलांना अहवाल मान्य झाला नाही. रझाकारांच्या अत्याचारांकडे त्यात दुर्लक्ष झालं, अशी त्यांची तक्रार होती, आणि ती अगदीच बिनबुडाची म्हणता येणार नाही. कमिटीला काम दिलं होतं ते नंतरच्या घटनांचं. अहवाल दप्तरात गेला आणि २०१३ च्या सुमारास सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोचला. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी, लातूरचा वकील, याच्यावर खटला चालला, शिक्षा झाली, १९५७ मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला. त्याचा गुन्हा कागदावर आहे, शिक्षा कागदावर आहे, सुटकाही कागदावर आहे. त्या ५ हजारांच्या बाबतीत पहिलाच कागद सार्वजनिक व्हायला ६५ वर्षं लागली. राष्ट्रपतींनी कोणाला माफ केलं नाही, कारण माफ करायला कोणी दोषी ठरलेला माणूस समोर नव्हता.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेतो.

पहिली: ‘सैनिकांवर असे खटले चालवले तर त्यांचं मनोधैर्य खचणार नाही का?’ हा प्रश्न नेहमी येतो, आणि या जिल्ह्यात तो पोटातून येतो. पहाटे पाचला रस्त्याने धावणारी, भरतीची तयारी करणारी पोरं आपलीच आहेत. पण लॉरन्सच्या तुकडीकडे परत जा. त्या पोरांचं मनोधैर्य कशाने खचलं असेल? साहेबाला शिक्षा झाल्याने, की खरं बोलून साक्ष दिली आणि मग साहेबाला माफी मिळाली त्याने? अमेरिकेतल्या कित्येक निवृत्त सेनाधिकाऱ्यांनी त्या माफ्यांना विरोध केला तो याच कारणासाठी. कॅलीच्या खटल्यातला सरकारी वकील, कॅप्टन ऑब्री डॅनियल, स्वतः सैनिक होता, आणि त्याने निक्सनना पत्र लिहून निषेध केला.

दुसरी चिठ्ठी, बहुतेक एखाद्या माजी सैनिकाची किंवा त्यांच्या घरातली: ‘हुकूम पाळला नाही तर कोर्ट मार्शल, पाळला तर खुनाचा खटला. जवानाने करायचं काय?’ आमचं उत्तर कायद्यातूनच देतो. लष्कर कायद्याचं कलम ४१ हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा सांगतं, पण तिथे शब्द आहे ‘कायदेशीर हुकूम’. कैद्याला मार, रस्त्याने जाणाऱ्या मजुराला अतिरेकी दाखव, हा कायदेशीर हुकूम होत नाही. तो नाकारणारा जवान गुन्हा करत नाही. अडचण कायद्याची कमी आणि प्रत्यक्षाची जास्त आहे. हुकूम देणारा कर्नल, नाकारणारा शिपाई. कर्नलची बाजू ऐकायला मंजुरी, न्यायाधिकरण, दया, सगळ्या पायऱ्या आहेत. शिपायाने नाही म्हटलं त्या रात्री त्याच्या बाजूला कोण असतं? माय लायमध्ये ह्यू थॉम्पसन नावाच्या पायलटने आपलं हेलिकॉप्टर गावकरी आणि आपल्याच सैनिकांच्या मधे उतरवलं आणि माणसं वाचवली. त्याला सन्मानाचं पदक मिळालं १९९८ मध्ये. तीस वर्षांनी.